मोठ्या अक्षरांचं पवित्र शास्त्र : अकरा महिने रोज रात्री वापरल्यावर

गेल्या महिन्यात, पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी, माझ्या पवित्र शास्त्राची, म्हणजे बायबलची, शिवण सुटली. ७७ वं स्तोत्र काढायला गेले आणि साठापासून नव्वदीपर्यंतच्या स्तोत्रांचा अख्खा जुडगा सुटून मांडीवर आला. हात घामाने ओले, छातीत धडधड, त्यात ती सुटी पानं. मी रडले. म्हणून आज हे लिहायला बसले आहे.

मोठ्या टायपाचं, चेनच्या कव्हरचं, सोनेरी कडांचं शास्त्र तुमच्यापैकी बहुतेकींच्या घरी असेल, त्यामुळे त्याचं वर्णन करत नाही. मी गेल्या नोव्हेंबरात ८५० रुपयांना घेतलं. लग्नात मिळालेलं अजून धड आहे, पण त्याची अक्षरं बारीक आणि माझ्या चष्म्याचा नंबर दोन वर्षांत दोनदा बदलला. आमच्याकडे चांगली वस्तू घरात असताना दुसरी आणत नाहीत. ते ८५० रुपये मला महिनाभर टोचत होते.

मी ४७ वर्षांची आहे, सांगलीत विश्रामबागला राहते, शाळेत शिकवते. पाळीचं सगळं वेळापत्रक गेल्या वर्षी विस्कटलं. कधी अठराव्या दिवशी, कधी दोन महिने नाही, आणि आली की बारा-बारा दिवस थांबायची नाही. रात्री तीनच्या सुमाराला जाग यायची. मानेपासून वर आग चढायची, गाऊन भिजायचा, मग थंडी वाजायची. आणि त्या पाठोपाठ भीती. कशाची, ते सांगता यायचं नाही. मुलगी पुण्यात आहे, तिला काही झालं असेल. गॅस चालू राहिला असेल. मला हार्ट अटॅक येतोय. ईसीजी दोनदा काढला, दोन्ही वेळा नॉर्मल.

अशा वेळी पुस्तकाकडून काय हवं असतं, ते आधी सांगते. ते उघडं राहायला हवं. एका हाताने छाती धरलेली, दुसऱ्या हातात चष्मा. पुस्तक मांडीवर ठेवल्यावर सपाट पडलं पाहिजे, आपोआप मिटता कामा नये. पहिले तीन महिने हे शास्त्र सारखं मिटायचं. मी तळहाताने मधोमध दाबून धरायची, रोज, त्याच पानावर. मग ते तिथे आपोआप उघडायला लागलं. दिवा न लावता मोबाईलच्या उजेडात उघडलं तरी ७७ वं स्तोत्र समोर. मला तो देवाचा हात वाटला होता. आता कळतंय की पाठीची खळ तिथेच तडकत होती. तरी त्या रात्रींना त्याने मला सांभाळलं, हेही खरं.

७७ वंच का? कारण हे स्तोत्र रचणारा आसाफही रात्रीच जागा आहे. देवा, तूच माझ्या पापण्या मिटू देत नाहीस, असं तो तोंडावर म्हणतो. त्याच्या जिवाला सांत्वन नको झालंय. देव दया करायचं विसरला का, असंही विचारतो, आणि हे सगळं शास्त्रात छापलेलं आहे, कोणी खोडलेलं नाही. शेवटी तो मोठ्या पाण्यातून गेलेल्या देवाच्या वाटेविषयी बोलतो, आणि त्या पाण्यात पावलांचे ठसे दिसले नाहीत, हेही सांगतो. माझं माहेर सांगलीत गावभागात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी घरात शिरलं तेव्हा आईला आम्ही होडीतून बाहेर काढलं. पाण्यात ठसा उमटत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण कोणीतरी पुढे चालत होतं.

दुसरा पाठ मार्क ५ चा, म्हणजे मार्कच्या शुभवर्तमानातल्या पाचव्या अध्यायाचा. बारा वर्षं रक्तस्राव होणारी बाई. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, पण सलग बारा दिवस स्वतःला रक्त जात असताना वाचली तेव्हा ती गोष्ट राहिली नाही. पुष्कळ वैद्य झाले, होतं नव्हतं ते सगळं खर्चलं, आणि बरं वाटण्याऐवजी दुखणं वाढलं, इतकं स्पष्ट लिहिलंय. तिला कोणी शिवायचं नाही, तिच्या अंथरुणालाही शिवायचं नाही, हा लेवीय १५ चा नियम. ती गर्दीत मागून येऊन प्रभू येशूच्या वस्त्राला शिवते. प्रभू तेव्हा याईराच्या घरी निघालेला. तो सभास्थानाचा अधिकारी, त्याची मुलगी मरणाच्या दारात, आणि तीही बारा वर्षांची. इतकी घाई असताना तो थांबतो, त्या बाईला शोधतो, तिचं सगळं ऐकून घेतो आणि तिला ‘मुली’ म्हणतो. याईराला थांबावं लागलं. बायकांच्या दुखण्यासाठी कोणीतरी मोठ्या माणसाला थांबवून ठेवलं, हे मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. आमच्या घरात तर पाळी हा शब्दही कधी मोठ्याने उच्चारला गेला नाही.

मार्चमध्ये मला कोणी विचारलं असतं, तर मी म्हटलं असतं की हे पुस्तक पुरेसं आहे. आज तसं म्हणणार नाही.

मार्चपर्यंत मी औषधाच्या वाटेलाच गेले नव्हते. नात्यातल्या एका बाईंनी सांगितलं होतं, “विश्वास कमी पडतोय तुझा, उपास कर.” मी केले. रक्त जात असताना उपास केले. एका दवाखान्यात गेले तर चार मिनिटांत, “या वयात होतंच, मन रमवा,” म्हणून परत पाठवलं. वर्गात फळ्यासमोर डोळ्यांपुढे अंधारी आली तेव्हा सोबतच्या बाईंनी रिक्षा बोलावली. हिमोग्लोबिन ८.४ निघालं.

त्या आठवड्यात अंथरुणावर १ राजे १९ वाचलं. एलिया संदेष्टा झाडाखाली बसून म्हणतो, पुरे झालं, मला मरण दे. देवदूत येतो तो उपदेश करत नाही, विश्वास कमी पडला असंही म्हणत नाही. त्याला शिवतो आणि म्हणतो, ऊठ, खा. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू. एलिया खातो, परत झोपतो. दूत पुन्हा उठवतो, पुन्हा खायला घालतो. मग होरेब डोंगरापर्यंतची चाळीस दिवसांची चाल, आणि देवाची मंद वाणी त्याच्याही नंतर. आधी झोप आणि भाकर. मला कोणी असं शिकवलंच नव्हतं. खरं तर आम्ही मिरजेच्या मंडळीची, म्हणजे चर्चची, माणसं. १८९४ साली मिशनरी डॉ. वानलेस यांनी मिरजेत दवाखाना उभा केला. प्रार्थना आणि ऑपरेशन एकाच छपराखाली, हे आमच्या आज्यांनी पाहिलंय. मग गोळीला अविश्वास म्हणायला आम्ही कधी शिकलो?

दुसऱ्या डॉक्टरबाईंनी अर्धा तास दिला. पाळी जाण्याआधीची काही वर्षं इस्ट्रोजेन सरळ उतरत नाही, वरखाली होत राहतं. त्याचा परिणाम मेंदूतल्या उष्णता सांभाळणाऱ्या भागावर, झोपेवर आणि मनावर होतो, असं त्यांनी कागदावर रेघ काढून दाखवलं. बारा महिने सलग पाळी आली नाही की मगच ती गेली म्हणायची, आणि त्यानंतर एक डाग जरी दिसला तरी तपासायला यायचं. थायरॉईड तपासलं, सोनोग्राफीत गर्भाशयाच्या अस्तराची जाडी बघितली. रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या दिल्या, आणि लोहाच्या गोळ्या, ज्या चहाबरोबर घ्यायच्या नाहीत. हार्मोनचे उपचारही असतात, ते प्रत्येकीची तपासणी बघून ठरवतात. भीतीसाठी रोजची एक कमी ताकदीची गोळी दिली. फरक दिसायला दोन-चार आठवडे लागतील आणि मनाने बंद करायची नाही, हे बजावून सांगितलं. चार महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.६ आलं. आता तीनची जाग आठवड्यातून दोनदा येते. ज्यांना जवळ असं कोणी नाही, त्यांनी टेली मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करावा. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

गोळी सुरू झाल्यावर वाचणं कमी होईल असं वाटलं होतं. झालं उलटंच. पूर्वी मी बुडताना लाकूड धरावं तसं पान धरायची. आता अर्थ लागतो.

आता पुन्हा शिवणीकडे. ज्या दुकानातून घेतलं तिथे शास्त्र आणि सुटलेली पानं दोन्ही घेऊन गेले, पावतीही जपली होती. उत्तर मिळालं, “तुम्ही फार दाबून उघडलंत, बदलून मिळणार नाही.” नवीन घेतलं तर दहा टक्के सूट देतो म्हणाले. माझा आवाज चढला, हे मान्य करते. ८५० रुपयांचं शास्त्र उघडायलाच तर घेतलं होतं. सोनेरी कडा एवढ्या चकचकीत, चेन भक्कम, आणि जिथे दोरा हवा तिथे खळ. सूट घेतली नाही.

गणपती पेठेच्या बाजूला, व्यापाऱ्यांच्या चोपड्या बांधणारे एक काका आहेत. त्यांनी शास्त्र हातात घेण्याआधी चपला काढल्या, हात धुतले, फळी पुसून त्यावर ठेवलं. पाठ उघडून दाखवली. काही फॉर्म, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, शिवलेले, काही नुसते चिकटवलेले. “ताई, रोजची वस्तू आहे ही, हिला जुजबंदी पाहिजे.” सगळे फॉर्म दोऱ्याने ओवून, पाठीला कापड लावून देतो म्हणाले. चार दिवस आणि २२० रुपये. तुम्ही नवीन घेणार असाल तर दुकानातच मधोमध उघडा आणि घडीत दोरा दिसतो का बघा. दोन-तीन ठिकाणी बघा, एकाच ठिकाणी नको.

त्या चार रात्रींचं मला भय होतं. लग्नातल्या शास्त्राची अक्षरं रात्री दिसत नाहीत. पहिल्या रात्री मोबाईलवर वाचायला घेतलं आणि दहा मिनिटांत मी छातीतल्या धडधडीची कारणं शोधत होते. मोबाईल स्वयंपाकघरात ठेवून आले. दुसऱ्या रात्री अंधारात बसले आणि १२१ वं स्तोत्र आठवू लागले. आठच ओव्या, शब्बाथ शाळेत मावशीने छडी हातात घेऊन पाठ करून घेतलेल्या. पाचवी आठवेना. तिच्यावर थांबले, परत पहिल्यापासून म्हटलं, आणि कधीतरी झोप लागली. पाचवी मला तिसऱ्या रात्री आठवली.

शास्त्र परत आलं ते आता कुठेही उघडतं आणि सपाट पडतं. ७७ वं आपोआप समोर येत नाही, शोधावं लागतं. पानं पातळ आहेत, ओल्या बोटाला चिकटतात, पलीकडची अक्षरंही दिसतात, पण त्याची तक्रार करत नाही.

परवा महिला मंडळाच्या प्रार्थनेत हे सगळं साक्ष म्हणून सांगितलं, पाळीचा शब्द न गिळता. सभा संपल्यावर दोघीजणी मागे राहिल्या. एकीचे हात थंड होते. तिने हळूच विचारलं, “बाई, तुमचंही रात्री असंच व्हायचं?” तिला आधी डॉक्टरबाईंचा नंबर दिला, मग तिच्या शास्त्रात मार्क ५ काढून दिला.