गोवा घ्यावा की नेफा?

घटकराज्य होण्याआधी एखाद्या प्रदेशाला कायदेमंडळात जागा कशी मिळत गेली, हा विषय प्रबंधाला घेताय म्हणून लिहितोय. मीही याच दोन नावांवर घुटमळलो होतो: गोवा आणि नेफा, म्हणजे आजचा अरुणाचल प्रदेश. दोन्ही १९८७ साली घटकराज्यं झाली. दोन्हीकडचे पहिले खासदार राष्ट्रपतींनी नेमलेले: नेफाचे चौखामून गोहाईं १९५२ साली, गोव्याचे डॉ. पुंडलिक गायतोंडे आणि आंतोनियो कोलासो १९६२ साली.

सोयीचं म्हणाल तर गोवाच. मुक्तीनंतर दोन वर्षांत निवडणूक, तीस जागांची विधानसभा, भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री. वाचायला मराठीत ढीगभर. मीही वर्षभर गोव्यावरच काम केलं.

कंटाळलो ते एकाच गोष्टीला. कुठेही बोलायला उभा राहिलो की दहाव्या मिनिटाला गाडी महाराष्ट्रातल्या विलीनीकरणावर. १९६७चा जनमत कौल, मराठी की कोकणी, कोण कोणाला फितूर झालं. एकदा तर मी विधानसभेच्या अधिकारांवर बोलत असताना पहिल्या रांगेतले दोन काका एकमेकांशीच भांडायला लागले. मी खाली बसलो तरी थांबेनात. विषय महत्त्वाचा आहे, नाही असं नाही. पण माझा प्रश्न त्यात दरवेळी बुडायचा.

नेफात तो प्रश्न उघडा दिसतो, कारण तिथे वरची जागा आली ती खालून. दायिंग एरिंग हे स्वतः नियुक्त खासदार. त्यांच्या समितीच्या शिफारशींवरून १९६७चं पंचायत राज नियमन झालं. गावचे पंच ज्या त्या जमातीच्या रिवाजाने निवडायचे. त्यावर गटपातळीची अंचल समिती, मग जिल्हा परिषद, सगळ्यांत वर अख्ख्या नेफाची एजन्सी कौन्सिल. १९७२मध्ये केंद्रशासित झाल्यावर त्याचीच प्रदेश कौन्सिल झाली आणि १५ ऑगस्ट १९७५ला हंगामी विधानसभा. लोकसभेची पहिली निवडणूक झाली ती पार १९७७ साली, आणि त्यातही दोनपैकी एका जागेवर बिनविरोध निवड! गोव्याला सगळं एकदम मिळालं, इथे पायरी-पायरीने. म्हणून प्रत्येक पायरीवर थांबून बघता येतं.

अडचणी आहेत. मराठीत जवळपास काही नाही, आणि जायचं तर इनर लाइन परमिट काढावं लागतं. हाताशी सहाच महिने असतील तर माझं फार ऐकू नका.

गोव्याच्या कात्रणांची दोन खोकी माळ्यावर पडून आहेत. तोच विषय घ्यायचं ठरलं तर घेऊन जा. मला काही ती परत लागायची नाहीत.