‘द फर्म’ की ‘रनअवे ज्यूरी’: एकच बघायचा तर कोणता?

दोन्ही सिनेमे जॉन ग्रिशमच्या कादंबऱ्यांवरचे. दोन्हींत जीन हॅकमन, दोन्हींत कायद्याची यथेच्छ ओढाताण, आणि दोन्ही एकदा लावले की मधेच बंद करवत नाहीत. एकाच सिनेमापुरता वेळ असेल तर माझं मत ‘रनअवे ज्यूरी’ला. पण म्हणून ‘द फर्म’ मोडीत काढू नका.

‘द फर्म’ (1993, दिग्दर्शक सिडनी पोलॅक) अडीच तासांहून लांब आहे, आणि ती लांबी जाणवते. हार्वर्डमधून नुकताच बाहेर पडलेला टॉम क्रूझ मेम्फिसच्या एका गर्भश्रीमंत लॉ फर्ममध्ये लागतो. घर, मर्सिडीज, शिक्षणाचं कर्जही फर्मच फेडणार. ही फर्म माफियाचा पैसा फिरवते आणि इथून बाहेर पडू पाहणारे वकील जिवंत राहत नाहीत, हे उलगडेपर्यंत सिनेमा झकास जमलाय. लीगल थ्रिलर म्हणावा तर यात कोर्ट जवळपास दिसतच नाही. सगळा खेळ फायली, झेरॉक्स आणि अशिलांच्या बिलांचा. नायकाची सुटकाही बिलांमधूनच. कादंबरीतला नायक पैसे घेऊन पसार होतो. सिनेमाला मात्र त्याची सनद आणि अब्रू दोन्ही राखायची होती, म्हणून जी कसरत केलीय ती बघताना चतुर वाटते आणि चहा होईपर्यंत तिला भोकं दिसायला लागतात.

तरी हॉली हंटरसाठी हा बघाच. मोजून काही मिनिटांची भूमिका, पण ऑस्कर नामांकन मिळालं. शिवाय डेव्ह ग्रुसिनचं पार्श्वसंगीत जवळजवळ एकट्या पियानोवर. पाठलागालाही पियानो! काहींना खटकतो, मला भारी वाटतो.

‘रनअवे ज्यूरी’ (2003, दिग्दर्शक गॅरी फ्लेडर) दोन तासांच्या जरा वर, आणि पाणी घातलेलं नाही. न्यू ऑर्लिन्समध्ये एका विधवेचा बंदूक कंपनीवर खटला. कादंबरीत तंबाखू कंपनी होती, सिनेमाने बंदूक घेतली. कंपनीच्या बाजूने हॅकमन: ज्यूरीत, म्हणजे निकाल देणाऱ्या बारा सामान्य नागरिकांत, कोण बसावं हे ठरवणारा, आणि बसलेल्यांची लफडी, कर्जं, आजार खणून काढणारा. ज्यूरी निवडीचे सल्लागार अमेरिकेत खरोखर असतात. पण छुपे कॅमेरे, वकिलाच्या कानात सूचना, घर फोडायला माणसं? सगळं हवेत. आणि कुणालाच पत्ता नाही? असो. बायकोच्या प्रियकराच्या खुनाच्या गाजलेल्या नानावटी खटल्यात मुंबईच्या ज्यूरीने आरोपीला 8 विरुद्ध 1 मतांनी निर्दोष ठरवलं आणि हायकोर्टाला ते फिरवावं लागलं, हे ठाऊक असणाऱ्याला निदान ज्यूरी झुलवता येते यात नवल वाटणार नाही.

मजा आहे ती जॉन क्युसॅकमध्ये. हा ज्यूरीतलाच एक, आणि बाहेर रेचल वाइझ दोन्ही पक्षांना निकाल विकायला निघालेली. ज्यूरीचं जेवण वेळेवर येत नाही, तर हा पठ्ठ्या थेट न्यायाधीश जेवत असतात त्या हॉटेलात जातो आणि सगळ्यांच्या पंगतीची सोय करून येतो. तेवढ्या एका प्रसंगात अकरा अनोळखी माणसं त्याच्या खिशात. त्याला भाषण ठोकावं लागत नाही.

आणि विधवेचा वकील झालेला डस्टिन हॉफमन. तो आणि हॅकमन तरुणपणापासूनचे मित्र, पण एका सिनेमात पहिल्यांदाच. कोर्टाच्या प्रसाधनगृहात दोघे समोरासमोर येतात, त्या प्रसंगाची कथेला फारशी गरज नाही. नसेना का.

ग्रिशम आधी वाचला असेल तर मात्र उलटं करा. ‘द फर्म’चा बदललेला शेवट कादंबरीशी ताडून बघताना जास्त रंगत येते, तंबाखूच्या जागी बंदूक आल्याने ‘रनअवे ज्यूरी’त मात्र फारसं काही बिघडत नाही.