जॉन वेन: नाव ठेवायचं की उचलायचं?
हॉलिवूडच्या काउबॉय सिनेमांचा स्टार जॉन वेन: एकच माणूस, कॅलिफोर्नियात दोन वेगळे निकाल. ऑरेंज काउंटीच्या एअरपोर्टला १९७९ पासून जॉन वेनचं नाव, शिवाय त्याचा ९ फुटी ब्राँझचा काउबॉय पुतळा. १९७१ च्या प्लेबॉय मुलाखतीत तर बाबा सरळ बोलून बसला की काळे लोक शिकून जबाबदार होईपर्यंत गोऱ्यांचंच वर्चस्व बरं, त्यावरून २०२० ला नाव काढा म्हणून मागणी झाली, पण नाव आहे तिथेच.
त्याच वर्षी युएससीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया) फिल्म स्कूलने मात्र त्याचं प्रदर्शन हलवलं, सामान लायब्ररीत, अभ्यासाला.
मला दुसरं जास्त पटतं. 'द सर्चर्स' या त्याच्या सिनेमाच्या शेवटी तो दाराबाहेर एका हाताने दुसरा कोपर धरून उभा राहतो ना, तो शॉट मी परत परत बघणारच, पण त्यासाठी विमानतळ कशाला लागतो?