फोनिक्सचा अक्षरांचा डबा: दिवाळीपासून वापरायलोत, तर खरं काय ते

फोनिक्स म्हणजे अक्षराच्या नावापेक्षा त्याच्या आवाजावरनं इंग्रजी वाचायला शिकवायची पद्धत. त्याचा हा सेट दिवाळीच्या सुट्टीत ऑनलाइन मागवला, साडेआठशेला पडला. आता मिरग पण होऊन गेला, डब्याची कोपरं झिजली, म्हणजे आता लिहायला हरकत नाही. आमची पोरगी तेव्हा सेमीत पहिलीला होती, आता दुसरीत गेली. शेजारचं पोरगं झेडपीच्या शाळेत तिच्याच वर्गाला, ते पण संध्याकाळी येऊन बसतं. आम्ही उदगीरला राहतो, घरात कुणी इंग्रजी बोलत नाही. हे आधीच सांगते कारण असल्या सेटचे व्हिडिओ टाकणारे बहुतेक जण घरात इंग्रजी बोलणारे असतात अन् त्यांचं लेकरू चार दिवसात फाडफाड वाचतं, ते बघून आपण मागवतो अन् मग डबा कपाटावर.

डब्यात घडीचा पांढरा बोर्ड, चुंबकाची अक्षरं, चित्रांची कार्डं, आणि कार्डावर कोड असतो तो मोबाईलनं स्कॅन केला की आवाज ऐकू येतो. अक्षरांत व्यंजनं निळी अन् स्वर लाल. ही लाल-निळ्याची कल्पना मला सगळ्यात आवडली. पी आणि एन जागेवर ठेवायचे, मधलं लाल अक्षर तेवढं बदलत जायचं, पॅन, पेन, पिन. वहीत दहादा लिहून जे कळत नाही ते हातानं अक्षर सरकवलं की कळतं, शब्द मधल्या स्वरावर फिरतो ते.

पण पहिल्याच आठवड्यात एक भानगड लक्षात आली जी सोबतच्या पुस्तिकेत कुठंच नाही. पुस्तिका धरून चालते की लेकराला अक्षराचा आवाज माहीतच नाही. आपल्याकडं तसं नसतं. आपण सगळे मोबाईलवर मराठीच इंग्रजी अक्षरात टाइप करतो, दुकानाच्या पाट्या, गावाचं नाव, पोरांचं स्वतःचं नाव, सगळीकडं 'ए' म्हणजे अ नाहीतर आ, आणि 'यू' म्हणजे उ नाहीतर ऊ. मग बोर्डावर एस यू एन लावलं की पोरगी बिनधास्त वाचते, "सून". पी ए एन पान. टी ए पी ताप. एच ए टी हात. एम यू जी मूग. आर ए जी राग. सासूबाई तिथंच शेंगा फोडत बसल्या होत्या, त्या म्हणल्या, "बराबर तर वाचायलंय की लेकरू, तू कामून टोकायलीस?" आणि खरंच, तिच्या हिशोबानं ते बरोबरच होतं.

म्हणजे आपल्या पोरांना नुसता नवा आवाज शिकवून भागत नाही, जुना आवाज कधी वापरायचा नाही ते पण सांगावं लागतं. त्यावर आम्ही बोर्डाचे दोन भाग केले, डावीकडं मराठी, उजवीकडं इंग्रजी. तीच तीन अक्षरं डावीकडं ठेवली की पान, उजवीकडं सरकवली की पॅन. डावीकडं मूग, उजवीकडं मग. पोरं खिदळतात, पण हाच खेळ सगळ्यात जास्त चालला, आणि सेटमधल्या एकाही छापील खेळापेक्षा ह्याचाच फायदा जास्त झाला असं माझं मत.

कार्डांवरची चित्रं मात्र डोक्याला ताप. 'आय'ला आइस्क्रीम अन् 'यू'ला युनिकॉर्न! अहो, शिकवायचाय 'पिन'मधला इ आणि 'कप'मधला अ, अन् चित्र दाखवायलंय आय आणि यू, म्हणजे अक्षराचं नाव. लेकरू मग 'पायन' वाचणारच की. 'ए'ला ॲपल आहे, 'ओ'ला ऑरेंज, ते ठीक. आय आणि यूची कार्डं मी बाजूला काढली, त्याजागी इन्सेक्ट अन् अंब्रेलाचं चित्र काढून चिकटवलं. कुठलाही सेट घेताना ही दोन कार्डं आधी बघा, त्यावरनंच कळतं बनवणाऱ्याला कितपत समजतंय.

आवाजाचं पण असंच. रेकॉर्डिंग अमेरिकन आहे. अमेरिकन लोक हॉटचा उच्चार जवळजवळ 'हाट' करतात, बॉक्सचा 'बाक्स'. ते चूक नाही, त्यांचं तसंच आहे, पण शाळेत बाई हॉट म्हणतात, मोबाईल हाट म्हणतोय, आणि आमच्याकडचे म्हातारे आधीच डाक्टर अन् आफिस म्हणणारे, मग पोरानं काय धरायचं? मी स्कॅन करणं बंदच केलं. आपल्या मराठीत ॲ आणि ऑ ही चिन्हं इंग्रजी शब्दांसाठीच तर आलीत. कार्डांच्या मागं पेन्सिलनं लिहून टाकलं, ए ॲ, आय इ, ओ ऑ, यू अ, आणि ई-चा ए पण तोकडा, ओढायचा नाही. काही जण म्हणतात इंग्रजी शिकताना देवनागरी लिहू नये, सवय लागते. संक्रांतीपर्यंत पोरं मागं बघायचीच बंद झाली, मी खोडून टाकलं, काही सवय-बिवय लागली नाही. 'कॅट'ला 'क्याट' म्हणलं तरी मी टोकत नाही, आमच्या भागात निम्मं गाव ब्याट अन् ब्यांक म्हणतंय, वाचता आलं म्हणजे झालं.

पुस्तिकेतला क्रम ए, ई, आय, ओ, यू असाच आहे, तो सोडून द्या. ए आणि ई पाठोपाठ घेतले की पॅन-पेन, मॅन-मेन ह्यात पोरं हमखास गोंधळतात, आवाज इतके जवळचे आहेत. आम्ही आधी ए, मग आय, ओ, यू, आणि ई सगळ्यात शेवटी. ई सुरू केल्यावर हनुवटीखाली हात धरायला लावला. पिन म्हणा, पेन म्हणा, पॅन म्हणा, प्रत्येक शब्दाला जबडा थोडा थोडा खाली येतो. कानाला फरक कळत नव्हता तो हाताला कळला. शिप आणि शीपचं मात्र अजून जमलेलं नाही, आपण बोलताना ऱ्हस्व-दीर्घ कुठं पाळतो, लिहितानाच तेवढं आठवतं. त्याची मी घाई पण करत नाही.

शेजारच्या पोराची अडचण वेगळी. "सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर" हे त्याचं एका सुरात पाठ. पण सी जाऊन एम आला की गप्प. सी, ए, टी ही नावं कितीही जोरात म्हणली तरी त्यातनं कॅट निघत नाही ना. आवाज जोडायला सांगितलं तर क-ॲ-ट असं म्हणायचं, आपल्या क मध्ये अ बसलेलाच असतो त्यामुळं ते चिकटतच नव्हतं. मग मी एम, एस, एन, एफ ही लांबवता येणारी अक्षरं आधी घेतली. म्म्मॅॅॅन्न, स्स्सन्न, फ्फॅन, मधे थांबायचंच नाही. त्यावर ते सुटलं. सेटमध्ये सुरुवात कॅट-बॅटनं आहे, क आणि ब लांबवता येत नाहीत, म्हणून ते नंतर.

पोरगं खरंच वाचतंय का चित्र बघून फेकतंय हे तपासायचं असेल तर अर्थ नसलेले शब्द लावा. मिप, झॅट, असले. इंग्लंडात २०१२ पासून शाळेतल्या पाच-सहा वर्षांच्या मुलांची अशीच चाचणी असते, ४० शब्द, त्यातले २० चक्क बनावट. आमच्या पोरांना हा प्रकार लई आवडतो, स्वतःच शब्द बनवून मला वाचायला लावतात.

शेवटच्या कार्डांत तो शब्दाच्या शेवटी गप्प बसणारा ई आहे, स्वतः बोलत नाही पण मधला स्वर बदलतो. कॅप-केप, टॅप-टेप, किट-काइट, हॉप-होप, कट-क्यूट. छान जमलं, पण हॅव, गिव्ह आले की पोरगी भांडायला लागली, "मम्मी, ह्यात ई गप्प हाय, मग मधला आवाज कामून बदलला नाही?" हॅव-गिव्हचं उत्तर सोपं आहे, इंग्रजीत शब्दाचा शेवट नुसत्या 'व्ही'नं सहसा करत नाहीत म्हणून तिथं ई लावून ठेवलाय, काम काही नाही त्याला. माझ्या दिराला सगळ्याच प्रकाराचा राग, पाच अक्षरं अन् आवाज विसेक, असलं कसलं लिहिणं म्हणे. त्याला सांगितलं, कॅक्स्टननं इंग्लंडात छापखाना आणला १४७६ ला, त्या काळात त्यांचे लांब स्वर बदलत होते, स्पेलिंग हळूहळू छापून पक्कं होत गेलं अन् बोलणं पुढं निघून गेलं. आम्ही स्वतः पाचवीला एबीसीडी गिरवलेले, पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० मधे, आम्हाला हे कोण सांगणार होतं.

बाकी मजबुती म्हणाल तर बोर्ड चांगला, अक्षरं बेताची. पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात चुंबकाचा गोंद सुटला, परत फेविक्विकनं चिकटवलेत. लहान लेकरू घरात असेल तर सुटलेलं चुंबक लगेच उचला, एकापेक्षा जास्त गिळली तर आतडं फाटायची वेळ येते. लाइट गेली तरी काही अडत नाही, ही जमेची बाजू.

सगळ्यात मोठा वैताग म्हणजे प्रत्येक अक्षर दोनच. क्यू दोन, एक्स दोन, झेड दोन, आणि ए पण दोनच! तीन शब्द एकाखाली एक लावायचे म्हणलं की स्वर संपले. दोन पोरं बसली की ए-वरनं मारामारी. हाच सेट घ्यायचा असेल तर आधी सुटे स्वर मिळतात का विचारून घ्या. मला नाही मिळाले, मी लातूरला गंजगोलाईच्या बाजारातनं साधी चुंबकाची अक्षरं आणली अन् त्यातल्या स्वरांना लाल नेलपॉलिश लावली. पुढचा भाग पण निघालाय त्यांचा, दोन स्वर मिळून एक आवाज होतो तो, ईई आणि ओए वाला, नऊशेला. तो मी घेणार नाही, आता अक्षरं घरात आहेत, ई शेजारी ई ठेवायला नवा डबा कशाला लागतो.