जँगो ओआरएम की एसक्यूएलअल्केमी? आधी टेबलं कुणाची ते बघा

प्रोजेक्ट पायथॉनमध्ये करायचा आणि डेटाबेस पोस्टग्रेस, एवढं ठरलं की टीममध्ये वाद पेटतो तो ओआरएमवरून, म्हणजे कोडमधले क्लास आणि डेटाबेसची टेबलं जोडणाऱ्या लायब्ररीवरून: जँगो या वेब फ्रेमवर्कमधलं घ्यायचं की एसक्यूएलअल्केमी. फीचर्सचे तक्ते मांडून तो मिटत नाही. तक्त्यात दोघांपुढेही ‘आहे’ असंच लिहिलेलं असतं. मी आधी एवढंच विचारतो: टेबलं तुम्ही नव्यानं बनवणार, की आधीपासून आहेत?

नव्यानं बनवणार असाल तर जँगोला तोड नाही. मॉडेलचा क्लास लिहा, मेकमायग्रेशन्स आणि मायग्रेट चालवा, टेबल तयार. वर अ‍ॅडमिनच्या स्क्रीन (डेटा बघण्या-बदलण्याच्या) जवळजवळ आयत्या मिळतात. एसक्यूएलअल्केमीत मायग्रेशनसाठी, म्हणजे टेबलांची रचना बनवण्या-बदलण्यासाठी, अलेम्बिक वेगळं बसवावं लागतं. सेशन (डेटाबेसशी चाललेलं काम) कुठे उघडायचं, कुठे बंद करायचं, कमिट कुणी करायचं (बदल पक्के कुणी करायचे) हेही तुमचं तुम्हीच ठरवायचं. सुरुवातीचे काही दिवस या जुळवाजुळवीतच जातात.

टेबलं जुनी असली की पारडं फिरतं. दोन कॉलम मिळून प्रायमरी की (टेबलातल्या ओळीची एकमेव ओळख), ही जुन्या डेटाबेसमधली अगदी नेहमीची गोष्ट. जँगोत तिची सोय आली 5.2 मध्ये, म्हणजे 2025 साली. आणि त्या आवृत्तीत अशा मॉडेलकडे फॉरेन की (दुसऱ्या टेबलातून ओळीकडे केलेला निर्देश) वळवता येत नाही, ते अ‍ॅडमिनमध्येही घेता येत नाही. एसक्यूएलअल्केमीत दोन्ही कॉलमवर प्रायमरी की अशी खूण केली की काम झालं.

आता एक बारीक फरक, जो डेमोत कधीच दिसत नाही. दुकानाच्या अ‍ॅपमध्ये एका वस्तूची रो (टेबलातली ओळ) वाचली, स्टॉक एकने कमी केला आणि सेव्ह केलं. जँगोचं सेव्ह आपणहून त्या रोचे सगळे कॉलम परत लिहितं. मधल्या काळात दुसऱ्या कुणी किंमत बदलली असेल, तर तिच्यावर तुमच्याकडची जुनी किंमत जाऊन बसते. एरर नाही, लॉगमध्ये काही नाही. सेव्हला अपडेट_फील्ड्स (फक्त हेच कॉलम लिही) दिलं तर हे टळतं, पण ते आठवणीनं द्यावं लागतं. एसक्यूएलअल्केमीचं सेशन कोणता कॉलम बदलला हे लक्षात ठेवतं आणि तेवढाच लिहितं. स्टॉकचा घोळ मात्र दोन्हीकडे सारखाच: दोघांनी 10 वाचला, दोघांनी 9 लिहिला. त्यासाठी वजाबाकी डेटाबेसलाच करायला सांगायची; जँगोत एफ एक्स्प्रेशन, एसक्यूएलअल्केमीत कॉलमचंच एक्स्प्रेशन.

एन प्लस वनचा त्रासही दोघांत आहे. शंभर बिलं आणली, लूपमध्ये प्रत्येकाच्या ग्राहकाचं नाव छापलं, की बिलांची एक आणि ग्राहकांच्या शंभर, अशा क्वेरी झाल्या 101. जँगोत सिलेक्ट_रिलेटेड आणि प्रीफेच_रिलेटेड, एसक्यूएलअल्केमीत जॉइन्डलोड आणि सिलेक्टइनलोड. औषध जवळपास एकच: जोडलेला डेटा आधीच सांगून एकदम आणायचा. पण एसक्यूएलअल्केमीतलं रेजलोड मला फार आवडतं. ते लावलं की न सांगता डेटा ओढायला गेलात तर सरळ एक्सेप्शन येतं. जँगोत मी ही राखण टेस्टमध्ये असर्टनमक्वेरीजवर सोपवतो. चालतं, पण टेस्ट लिहिली असेल तरच.

असिंक (एका कामाची वाट बघताना दुसरं चालू ठेवणं) लागणार असेल, समजा फास्टएपीआय हे वेब फ्रेमवर्क ठरलंय, तर फार डोकं खाजवू नका, एसक्यूएलअल्केमी घ्या. तिथे ही सोय 1.4 पासून, 2021 पासून आहे. फक्त असिंक सेशनमध्ये लेझी लोडिंग (लागेल तेव्हाच डेटा आणणं) झालं की ‘मिसिंगग्रीनलेट’ नावाची एरर येते आणि नवा माणूस तासभर गोंधळतो.

रिपोर्टिंग जड असेल तरी माझा कल तिकडेच. विंडो फंक्शन्स (ओळींच्या गटावर हिशेब करणारी) दोघांतही आहेत, पण सीटीई (क्वेरीतल्या एका भागाला नाव देऊन वापरणं) एसक्यूएलअल्केमीत अंगचीच आहे आणि तिथली क्वेरी वाचताना एसक्यूएलच वाचतोय असं वाटतं. जँगोत अशा ठिकाणी अ‍ॅनोटेट, सबक्वेरी, आउटररेफ यांची उतरंड रचावी लागते आणि सहा महिन्यांनी ती आपली आपल्यालाच उलगडत नाही.

तरी अडलंच, तर प्रोजेक्टमधली सगळ्यात किचकट क्वेरी निवडा आणि एकाच दुपारी दोन्हींत लिहून बघा. जँगोत क्वेरीसेटचं क्वेरी प्रिंट करा, एसक्यूएलअल्केमीत इंजिनला एको (चाललेलं एसक्यूएल छापणं) चालू करा. जे एसक्यूएल बाहेर पडेल ते टीममधल्या सगळ्यात नवख्याला वाचायला द्या.