पन्नाशीनंतर किनाऱ्यावर चालावं की वजनं उचलावी?

आमचे काका रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या किनाऱ्यावर वाळूत रोज तासभर चालतात, दम लागत नाही. पण पानावरून उठताना जमिनीला हात टेकावा लागतो. चालण्याने हृदय, रक्तदाब, साखर सांभाळली जाते, हे मोठंच काम. तिशीनंतर मात्र दर दहा वर्षांनी स्नायू साधारण ३ ते ८ टक्के घटतात. ती झीज नुसत्या चालण्याने फारशी थांबत नाही. त्याला भारच हवा. ताण पडला की स्नायू सत्तरीतही बळकट होतात, हाडांनाही आधार मिळतो. जिम कशाला? सोललेल्या नारळांची पिशवी उचला, खुर्चीतून हात न टेकता दहादा उठा. श्वास रोखू नका. रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. चालणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, म्हणून माझं मत वजनांना: आठवड्यातून किमान २ दिवस, चालणं न सोडता.