सोलापूरची कडक भाकरी, शेंगा चटणी आणि चादर, पार इकालुइटपर्यंत

पाचपैकी साडेचार स्टार, अर्धा का कापला ते पुढं येईलच.

नवी पेठेतलं छोटं दुकान आहे, बाहेरून बघितलं तर काय खास नाही, पण कडक भाकरी आणि शेंगा चटणी आमच्याकडं वर्षानुवर्षं इथूनच येते. आता आम्ही नोकरीपायी कॅनडाच्या पार उत्तरेला इकालुइटला राहतो. नुनावूत या प्रदेशाची राजधानी म्हणायची, पण वस्ती साताठ हजार आणि बाहेरून गावात येणारा एकही रस्ता नाही. ओटावाहून विमानानं तीनेक तास, नाहीतर उन्हाळ्यात बर्फ फुटला की येणारं जहाज. तांदूळ, पीठ, डायपर असलं वर्षाचं सामान लोक त्या जहाजानं मागवून भरून ठेवतात, सीलिफ्ट म्हणतात त्याला, आणि ते हुकलं तर मग दुकानातलं घ्या आणि बिल बघून गप्प बसा. त्यामुळं सुट्टीला आलं की २३ किलोच्या बॅगेत काय कोंबायचं याचा हिशोब आधी.

भाकरीला पैकीच्या पैकी. ज्वारीची, तीळ लावलेली, कागदासारखी पातळ. इथं पावसाळ्यात डबा जरा उघडा राहिला की वातड होते, तिथं उलटं, बाहेर उणे तीसची हवा आत येऊन हीटरनं तापली की एवढी कोरडी होते की ओठ फुटतात, दाराच्या कडीला हात लावला की करंट बसतो, पण भाकरी मात्र शेवटपर्यंत कडाकडा मोडते. डिसेंबरात दिवस चार-साडेचार तासांचा, दुपारीच अंधार, स्वयंपाकाचा मूड शून्य, अशा वेळी दूध नाहीतर गरम आमटीत मोडून खायची, काम झालं.

अर्धा स्टार पॅकिंगचा. पातळ प्लास्टिक आणि वर पेपर, बास. सोलापुरातल्या सोलापुरात ठीक आहे हो, पण इतकी विमानं बदलायची म्हटल्यावर निम्म्याचा चुरा होणारच की. दुकानातल्या काकांना सांगितलं तर म्हणाले, "ताई, स्टीलच्या डब्यात उभ्या लावा." ते बरोबर आहे, पण डब्याचं वजन कोण धरणार?

शेंगा चटणी कुटलेली, तेल सुटलेली, लसूण अंगावर येणारा, तिखट लई. लेबलवाला सीलबंद पाकीटच मागा, कारण कॅनडात उतरताना खायचं सगळं डिक्लेअर करावं लागतं आणि आत काय आहे ते छापलेलं असलं की समजावत बसावं लागत नाही. आणि पोरांच्या डब्यात अजिबात देऊ नका, तिकडं बऱ्याच शाळांत शेंगदाण्याला बंदी असते, अ‍ॅलर्जीमुळं. शेजारच्या इनुइट (म्हणजे तिथले मूळ रहिवासी) आजींना पण मी आधी तेच विचारलं, मग दिली. त्या 'आर्क्टिक चार' नावाचा मासा कच्चा, गोठलेला, सोया सॉसमध्ये बुडवून खातात, त्यावर चिमूटभर चटणी घातली आणि मान हलवली, दुसऱ्या दिवशी लेकीला वाटी घेऊन पाठवलं. पहिल्या थंडीत आमच्याकडं येणंजाणं सुरू झालं ते हे असं, त्याआधी नुसतं दारातून हाय-बाय.

चादर घेऊ का म्हणून सगळे विचारतात. बाहेरच्या थंडीला काही उपयोग नाही, तिथं पार्काच (टोपीवाला जाड कोट) लागतो. पण घरात हीटर एवढा की जाड रजईत घाम फुटतो, तिथं ही सुती चादर बरोबर बसते. जूनमध्ये जवळपास २१ तास उजेड, तेव्हा मी एक खिडकीला टांगली, पोरं झोपली तरी. त्रास धुण्याचा, ओली झाली की जड आणि पाणी पिते. आमच्या भागात पाणी ट्रकनं येतं, घरातल्या टाकीत भरून जातात (सोलापूरकराला यात नवीन ते काय!), त्यामुळं दर आठवड्याला चादर धुणं परवडत नाही, गडद रंगाचीच घ्या. चादरी या दुकानात नाहीत, शेजारी मिळतात, भाव करावा लागतो.

गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) जत्रेच्या दिवसांत जाऊ नका, गर्दी असते आणि भाकरी दुपारपर्यंत संपते. कमी तिखट चटणी आदल्या दिवशी फोन करून सांगितली तर करून देतात.